परिसर बंद ठेवण्याची वेळ आली तर: नाशिकमधील विद्यापीठे व महाविद्यालयांसाठी टप्प्याटप्प्याची कार्यपद्धती

गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की सकाळी सहाच्या आतच महाविद्यालयांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘आज सुट्टी आहे का?’ हा प्रश्न फिरू लागतो, आणि बहुतेक गोंधळ या प्रश्नाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर दिल्यामुळे होतो. त्या एका प्रश्नात तीन निर्णय असतात. वर्ग भरणार आहेत का, हा पहिला. परिसरात कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही, हा दुसरा. वसतिगृह, खानावळ, परीक्षा, प्रवेश, ग्रंथालय, सर्व्हर यांपैकी काय चालू राहणार, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे एकाच दिवशी वेगवेगळी असू शकतात. ती वेगवेगळी लिहिली गेली नाहीत, तर विद्यार्थी परीक्षा बुडवतो, प्रयोगशाळा सहायक घरी थांबतो आणि वसतिगृहातल्या मुलांच्या दुपारच्या जेवणाची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

पुढील टप्पे कुलसचिव, प्राचार्य, वसतिगृह अधीक्षक, परीक्षा केंद्रप्रमुख आणि प्रत्यक्ष सूचना टाइप करणारे कार्यालयीन अधीक्षक यांच्यासाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये. विशेषतः तिसरा टप्पा पूर्ण होण्याआधी पाचवा सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण नेमके तेच दरवर्षी होते.

टप्पा १ : मे महिन्यातली तयारी

पहिला मोठा पाऊस येण्याआधी चार कागद तयार असले पाहिजेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यामुळेच ते राहून जाते.

पहिला कागद सेवांच्या यादीचा. परिसरात चालणारी प्रत्येक सेवा एका ओळीत लिहावी आणि तिच्यापुढे ती पाहणारी व्यक्ती, ती न आल्यास तिच्या जागी येणारी व्यक्ती, आणि ही सेवा किती वेळ बंद राहिली तर नुकसान होईल, हे तीन रकाने भरावेत. वर्ग, कार्यालय, ग्रंथालय या सेवा सर्वांनाच आठवतात. विसरल्या जातात त्या वेगळ्या: तळघरातील पाणी उपसणारा पंप, सांडपाण्याची मोटर, प्राणीगृहातील जनावरांचा चारा, जीवशास्त्र विभागातील नमुने ठेवलेला डीप फ्रीझर, वसतिगृहातील आरओ, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंद आला तर पगारपत्रक. प्रत्येक विभागाच्या शिपायाला बसवून ही यादी वाचून दाखवावी. जे विभागप्रमुखाला माहीत नसते ते त्याला माहीत असते.

दुसरा कागद अधिकाराचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना आवश्यक ती कार्यवाही करता येते आणि नंतर ती संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावी लागते. महाविद्यालयात हा निर्णय प्राचार्य घेतात, परंतु प्रत्यक्षात ते संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना फोन लागेपर्यंत थांबतात आणि त्यात तास जातो. म्हणून निर्णय कोण घेईल, ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास दुसरी कोण आणि तिसरी कोण, अशी तीन नावांची साखळी पदाधिकाऱ्यांच्या सहीने आधीच मंजूर करून घ्यावी. ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला मोठा पूर आला तो दिवस रविवार होता, हे लक्षात ठेवावे. सोमवारचा निर्णय रविवारी, कार्यालय बंद असताना, शिक्का आणि लेटरहेड कपाटात असताना घ्यावा लागतो. लेटरहेडचा नमुना आणि जावक क्रमांक देण्याची सोय घरूनही वापरता येईल अशी ठेवावी.

तिसरा कागद संपर्क यादीचा, आणि तो खरोखर कागदावर हवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, महावितरण १९१२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१ आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ हे सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्याखाली आपल्या भागाच्या महावितरण कक्षाचे अभियंता, महापालिकेचे विभागीय कार्यालय, पोलीस ठाणे, टँकरवाला, जनरेटरचा मेकॅनिक, डिझेल देणारा पंप, मेसचा ठेकेदार, सुरक्षा ठेकेदाराचा पर्यवेक्षक आणि ज्या विद्यापीठाशी संलग्नता आहे त्याच्या परीक्षा विभागातील संपर्क यांचे क्रमांक लिहावेत. ही यादी फाटकावरील चौकीत, वसतिगृहात आणि तिन्ही निर्णयकर्त्यांच्या घरी असावी.

चौथा कागद नाशिकला विशेष आवश्यक आहे: विद्यार्थी व कर्मचारी कोणत्या तालुक्यातून, कोणत्या रस्त्याने येतात याची यादी. शहरातील महाविद्यालयांत त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून येणारी मुले मोठ्या संख्येने असतात, काही कर्मचारी मनमाडहून किंवा कसाऱ्याच्या बाजूने रेल्वेने ये-जा करतात. शहरात ऊन पडलेले असताना सावळघाटात दरड पडून पेठचा रस्ता बंद असू शकतो. प्रवेश अर्जावर तालुका लिहिलेला असतोच, त्यामुळे ही यादी करायला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

तपासणी: जून उजाडण्यापूर्वी एका संध्याकाळी, न सांगता, साखळीतील तिघांना फोन करावेत. दहा मिनिटांत किमान दोघांपर्यंत पोहोचता आले नाही तर साखळी कागदावरच आहे असे समजावे. त्याच दिवशी जनरेटर भार टाकून अर्धा तास चालवून पाहावा. भाराविना घरघरणारा जनरेटर पाहून समाधान मानू नये.

टप्पा २ : इशारा वाचणे

भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत इशारे देतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.५ व त्याहून अधिक पावसाला ‘अत्यंत जोरदार’ ही श्रेणी लागते. रंग म्हणजे सुट्टीचा आदेश नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. कोणती कृती करायची, हे विभाग सांगत नाही, ते आपल्याला ठरवायचे असते.

नाशिकमध्ये हा रंग वाचताना हमखास एक चूक होते. शहरावर पाऊस नाही म्हणून नदीला पूर येणार नाही, असे गृहीत धरले जाते. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस झाला आणि धरण भरत आले की शहरात कोरडे असतानाही विसर्गामुळे रामकुंडावर पाणी चढते. म्हणून नाशिक जिल्ह्याचा आणि नाशिकच्या घाट भागाचा, असे दोन्ही इशारे वेगवेगळे पाहावेत, आणि त्यांच्या जोडीला जलसंपदा विभागाकडून येणारे विसर्गाचे क्युसेकमधले आकडे वेळेसह नोंदवावेत. शहरातून वाहणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी या छोट्या नद्यांचे तसे नाही. त्यांना शहर आणि लगतच्या परिसरातला तासाभराचा मुसळधार पाऊसही पुरतो, आणि तेथे आगाऊ सूचना मिळण्याची आशा धरू नये.

गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले यावरून पुराचा अंदाज बांधण्याची नाशिककरांची पद्धत जुनी आहे आणि ती खोटीही नाही. परंतु मारुतीच्या छातीला पाणी लागल्याचा फोटो पाहून सूचना काढायला बसणे म्हणजे निदान दोन तास उशीर करणे होय. निर्णयासाठी वरच्या बाजूचा आकडा पाहावा, फोटो नव्हे.

टप्पा ३ : जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पूर्ण वाचणे

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि शाळा-महाविद्यालये बंद ठेवण्याचे आदेश त्या अधिकारात निघतात. असा आदेश आपल्याला लागू होत असेल तर त्यावर चर्चेला वाव नाही, तो पाळावाच लागतो. तो आपल्याला लागू होतो की नाही, हे मात्र मथळा वाचून कळत नाही. पुढील पाच गोष्टी आदेशाच्या मजकुरात बोट ठेवून शोधाव्यात.

१. दिनांक आणि वर्ष. मागील वर्षीचा आदेश दरवर्षी नव्याने फिरतो, आणि वार जुळला की लोक वर्ष पाहत नाहीत.
२. तालुके. आदेश संपूर्ण जिल्ह्यासाठी आहे की काही तालुक्यांसाठी, हे पाहावे.
३. संस्थांचा प्रकार. ‘सर्व शाळा व अंगणवाड्या’ यात वरिष्ठ महाविद्यालय येत नाही. कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत भरत असेल तर त्याबद्दल वेगळी खात्री करावी.
४. सुट्टी कोणाला. विद्यार्थ्यांना सुट्टी आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे, असे वाक्य अनेक आदेशांत शेवटच्या परिच्छेदात असते.
५. परीक्षांबद्दल काही म्हटले आहे का.

आदेश खरा आहे याची खात्री जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा अधिकृत समाजमाध्यम खात्यावरून करावी, अन्यथा १०७७ वर विचारावे. ‘आमच्या शेजारच्या महाविद्यालयाने बंद ठेवले’ हा पुरावा होत नाही, कारण त्यांनीही आपल्याकडे पाहूनच बंद ठेवलेले असण्याची शक्यता असते.

इशारा: आदेश नाही म्हणजे अधिकार नाही, असा अर्थ काढू नये. परिसरात पाणी शिरले असेल, इमारतीला धोका असेल किंवा मोठ्या संख्येने विद्यार्थी पोहोचूच शकत नसतील, तर संस्थाप्रमुखाने आपल्या अधिकारात वर्ग स्थगित ठेवावेत आणि त्याची कारणे त्याच दिवशी लेखी नोंदवावीत.

टप्पा ४ : निर्णयाची वेळ

निर्णय किती अचूक आहे यापेक्षा तो किती वाजता झाला याला अधिक महत्त्व आहे. सुरगाण्याहून येणारा विद्यार्थी पहाटे घर सोडतो. सात वाजता निघालेली सूचना त्याला बसमध्ये गाठते आणि मग तो बंद फाटकासमोर उभा राहतो. म्हणून दोनच वेळा निश्चित कराव्यात: आदल्या रात्री नऊ, आणि रात्री परिस्थिती अस्पष्ट असेल तर पहाटे साडेपाच. रात्री नऊ वाजता निर्णय झाला नसेल, तर ‘निर्णय पहाटे साडेपाचला कळवला जाईल, तोपर्यंत कोणत्याही फिरत्या संदेशावर विश्वास ठेवू नये’ एवढी सूचना तरी जावी. हे एक वाक्य न पाठवल्यामुळे रात्रभर फोन येत राहतात.

दुपारी, वर्ग चालू असताना बंद करण्याचा निर्णय हा सर्वांत अवघड असतो आणि तोच सर्वांत घाईने घेतला जातो. मुलांना दोन वाजता सोडून द्यायचे आणि होळकर पुलावरची वाहतूक थांबवलेली आहे हे नंतर कळायचे, असा प्रकार होऊ देऊ नये. आधी वाहतूक पोलिसांकडून रस्त्यांची आणि सिटीलिंक व एसटीकडून बसची स्थिती विचारावी, मग तालुक्यांची यादी काढावी, ज्यांचे रस्ते बंद आहेत त्यांना परिसरातच थांबवावे आणि उरलेल्यांना टप्प्याटप्प्याने सोडावे. भरल्या पुरात रस्त्यावरच्या मुलापेक्षा वर्गातला मुलगा सुरक्षित असतो.

टप्पा ५ : सूचना लिहिणे

येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण सगळी तयारी नीट असूनही एका ढिसाळ सूचनेने ती वाया जाते. मी काम केलेल्या एका संस्थेत ‘उद्या सोमवारी महाविद्यालयास सुट्टी राहील’ अशी सूचना निघाली होती. तिच्यावर दिनांक नव्हता. पुढच्या पावसाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, कोणीतरी ती पुन्हा गटावर टाकली आणि सोमवारी निम्मे वर्ग रिकामे राहिले. ज्याने ती टाकली त्याला दोष देऊन काही उपयोग झाला नाही, कारण सूचनेत चुकीचे असे काहीच नव्हते.

‘उद्या’, ‘आज’, ‘पुढील आदेश येईपर्यंत’ हे शब्द वापरू नयेत. वार, दिनांक, महिना, वर्ष आणि सूचना काढल्याची वेळ लिहावी. ‘सुट्टी’ हा शब्दही शक्यतो टाळावा. ‘वर्ग भरणार नाहीत’ असे लिहिले की अर्थाला फाटे फुटत नाहीत. पुढील नमुना मेमध्येच तयार करून ठेवावा, त्यात फक्त तपशील बदलावेत.

सूचना क्रमांक १. सोमवार, दि. ३ ऑगस्ट २०२६. वेळ सकाळी ५.३०.
वर्ग: आज सर्व वर्ग व प्रात्यक्षिके होणार नाहीत.
कर्मचारी: सेवायादीतील कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे. इतरांनी घरून काम करावे.
परीक्षा: आजच्या अंतर्गत परीक्षा शुक्रवार, दि. ७ ऑगस्ट रोजी त्याच वेळी होतील. विद्यापीठाच्या परीक्षांबाबत विद्यापीठाचे परिपत्रकच ग्राह्य धरावे.
प्रवेश: प्रवेश सुविधा केंद्र सकाळी ११ ते ४ या वेळेत चालू राहील.
वसतिगृह व मेस: नेहमीप्रमाणे चालू. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी परिसराबाहेर जाऊ नये.
ग्रंथालय: बंद. पुस्तक परतीचा दंड आकारला जाणार नाही.
पुढील सूचना: आज रात्री ९ वाजता, बदल असो वा नसो.

शेवटची ओळ सर्वांत उपयोगी आहे. पुढची सूचना केव्हा येणार हे माहीत असलेला माणूस फोन करत नाही.

सूचना एकाच ठिकाणाहून निघावी. आधी संकेतस्थळ, मग तोच मजकूर एसएमएस, ईमेल आणि वर्ग प्रतिनिधींचे गट, असा क्रम असावा. विभागप्रमुखांनी ती आपल्या शब्दांत लिहू नये, जशीच्या तशी पुढे पाठवावी. बदल झाला तर जुनी सूचना काढून न टाकता ‘सूचना क्रमांक २, ही सूचना क्रमांक १ ऐवजी’ असे स्पष्ट लिहावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन किंवा नेटवर्क नाही अशा विद्यार्थ्यांसाठी तालुकानिहाय यादीतून एकेका गावातल्या एका मुलाला साधा फोन करणे हा पेठ-सुरगाण्याकडे चालणारा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आणखी एक ओळ लिहायला संकोच करू नये: पूर पाहण्यासाठी सोमेश्वरचा धबधबा, होळकर पूल किंवा गोदाघाटाकडे जाऊ नये. वर्ग रद्द झाल्याचे कळल्यावर मुले आधी तिकडेच जातात, हे नाशिकमध्ये शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

टप्पा ६ : परिसर बंद करण्याचा क्रम

पाणी शिरण्याची शक्यता असेल तर क्रम असा ठेवावा. प्रथम माणसे, नंतर ज्यांना वीज लागते ती जिवंत किंवा नाशवंत सामग्री, नंतर रसायने व गॅस, मग कागद, आणि सर्वांत शेवटी वीज. अनेक ठिकाणी सुरक्षारक्षक आधी मुख्य स्विच बंद करतो आणि मग विजेरी घेऊन प्रयोगशाळेत जाणे भाग पडते.

प्रयोगशाळेत गॅस सिलिंडरच्या झडपा बंद कराव्यात, सिलिंडर साखळीने बांधलेले आहेत ना ते पाहावे, आणि पाण्याशी संयोग होऊन पेट घेणारी सोडियमसारखी रसायने खालच्या कप्प्यातून वरच्या मजल्यावर न्यावीत. उत्तरपत्रिका, सेवापुस्तके आणि प्रवेशाची मूळ कागदपत्रे तळमजल्यावर ठेवलीच असतील, तर ती हलवण्यासाठी कोणती खोली आणि किल्ली कोणाकडे, हे आधीच ठरलेले असावे. तळमजल्यात पाणी आले असेल आणि वीज चालू असेल तर कोणीही त्या पाण्यात उतरू नये. बाहेरून पुरवठा तोडण्यासाठी महावितरणला कळवावे.

वसतिगृह रिकामे करण्याची घाई बहुतेक वेळा चुकीची असते. घरी जाण्याचे रस्तेच बंद असतात तेव्हा ‘मुलांना घरी पाठवा’ हा आदेश धोका वाढवतो. इमारत सुरक्षित असेल तर मुलांना तेथेच ठेवावे, तळमजल्यावरील मुले वर हलवावीत, सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यावी आणि मेसमध्ये तीन दिवसांचा शिधा असल्याची खात्री करावी.

तपासणी: परिसर बंद केल्यावर चौकीत एक कागद असावा, ज्यावर आत कोण आहे त्यांची नावे आणि शेवटची फेरी किती वाजता झाली हे लिहिलेले असेल. प्रयोगशाळेत एकटा बसलेला संशोधक विद्यार्थी नेहमी याच यादीतून सुटतो.

टप्पा ७ : परीक्षा आणि प्रवेश

वर्ग रद्द करण्याचा अधिकार प्राचार्यांना आहे, विद्यापीठाची परीक्षा रद्द करण्याचा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे वेळापत्रक पुण्यात ठरते आणि पूर मात्र नाशिकच्या केंद्रांवर असतो. केंद्रप्रमुखाने परीक्षा विभागाला फोन करावा आणि लगेच ईमेलही करावा. त्यात केंद्राचा क्रमांक, विषय, सत्र, अपेक्षित परीक्षार्थी आणि पोहोचू शकणारे परीक्षार्थी, असे आकडे द्यावेत. ‘परिस्थिती गंभीर आहे’ या वाक्यावर कोणी निर्णय घेऊ शकत नाही.

प्रश्नपत्रिका ऑनलाइन उतरवून घेतल्यानंतर परीक्षा थांबली तर ती गोपनीय राहिली नाही असे गृहीत धरावे. किती प्रती छापल्या, त्या कोठे आहेत आणि कोणी पाहिल्या, याची नोंद करून प्रती मोहोरबंद कराव्यात आणि विद्यापीठाला तसे कळवावे. परीक्षा चालू असताना वीज गेली तर परीक्षार्थींना वर्गाबाहेर सोडू नये. वाया गेलेली मिनिटे पर्यवेक्षकाने फळ्यावर लिहावीत. ती वाढवून द्यायची की नाही हे परीक्षा विभागाला विचारून ठरेल, परंतु मोजली नसतील तर विचारण्यासारखे काही उरत नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र चालवणाऱ्या महाविद्यालयांनी त्या विद्यार्थ्यांना वेगळी सूचना द्यावी. नोकरी करणारे हे विद्यार्थी नियमित वर्गांच्या गटावर नसतात आणि फाटकाशी येऊन परततात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत वर्ग थांबवले तरी रुग्णालय थांबत नाही. तेथे आंतरवासिता करणारे आणि निवासी डॉक्टर यांची पाळी, त्यांची ने-आण आणि त्यांचे जेवण हाच मुख्य विषय असतो, आणि ‘महाविद्यालय बंद’ ही सूचना त्यांना लागू नाही हे त्यांना ठळकपणे कळवावे लागते.

पूर आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्या एकाच काळात येतात. सीईटी कक्षाची मुदत महाविद्यालयाच्या बंदमुळे आपोआप वाढत नाही. प्रवेश निश्चित करण्याचा शेवटचा दिवस असेल तर दोन कर्मचारी, एक लॅपटॉप आणि मोबाइलचे इंटरनेट एवढ्यावर तरी सुविधा केंद्र चालवावे, आणि तेही शक्य नसेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवावे.

टप्पा ८ : परिसर चालू, सेवा बंद

प्रत्येक खंडासाठी परिसर बंद करण्याची आवश्यकता नसते. वीज नाही म्हणून वर्ग सोडून देणे ही सवय झाली आहे. दिवसाउजेडी खिडक्यांच्या वर्गात तास होऊ शकतो. संगणक प्रयोगशाळेतला तास तेवढा पुढे ढकलावा.

वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर किती मिनिटे तग धरतो हे माहीत असावे आणि बॅटरी निम्मी होताच तो रीतसर बंद करावा. प्रयोगशाळेतला साधा फ्रिज दार न उघडल्यास सुमारे ४ तास थंडावा टिकवतो, म्हणून त्यावर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी आणि वीज गेल्याची वेळ लावावी. जनरेटर बंद खोलीत किंवा वसतिगृहाच्या खिडकीखाली चालवू नये, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखू येत नाही.

पाण्याचे गणित आधीच करावे. नेहमीच्या वापरासाठी माणशी १३५ लिटर हे नियोजनाचे प्रमाण आहे. ३०० मुलांच्या वसतिगृहाला त्या हिशेबाने दिवसाला ४०,५०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर आणि वर थोडे लागेल. काटकसरीने माणशी ५० लिटरवर आणले तर १५,००० लिटरमध्ये भागते. पुरानंतर नळाला गढूळ पाणी येते, तेव्हा टाकीत पाणी असूनही पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. म्हणून पिण्याचे पाणी वेगळे मोजावे आणि ते उकळून द्यावे.

सिटीलिंक किंवा एसटीची सेवा संपामुळे थांबली तर इमारतीला काही झालेले नसते, पण निम्मा वर्ग गैरहजर असतो. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप अनेक महिने चालला होता. अशा वेळी एक दिवसाच्या बंदने काहीच साधत नाही. बसवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांची नावे काढून त्यांच्यापुरती हजेरीची सवलत, ध्वनिमुद्रित तास आणि अंतर्गत परीक्षेची दुसरी संधी यांचा निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्यावा.

टप्पा ९ : पुन्हा उघडणे

पाऊस थांबला म्हणजे परिसर उघडला, असे होत नाही. धरणातला विसर्ग पाऊस थांबल्यावरही चालू राहतो. उघडण्यापूर्वी विद्युत पर्यवेक्षकाने ओल्या भागातील जोडण्या तपासून लेखी कळवावे, टाक्या धुऊन घ्याव्यात, गाळ काढल्यावर जंतुनाशक फवारावे, आणि साप-विंचवांसाठी तळमजल्यावरच्या खोल्या दिवसाउजेडी पाहाव्यात. शक्य असेल तर कर्मचारी एक दिवस आधी आणि विद्यार्थी दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठेवावा.

हजेरीबाबत लेखी निर्णय नसेल तर सत्राच्या शेवटी, ७५ टक्क्यांचा हिशेब लागताना, वाद उभा राहतो. संपूर्ण परिसर बंद असलेला दिवस झालेल्या तासांतच धरू नये. परिसर चालू असून काही तालुके अडकले असतील तर त्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांची नावे त्याच आठवड्यात नोंदवावीत, चार महिन्यांनी दाखले मागत बसू नये. बुडालेले तास भरून काढण्याचे वेळापत्रक उघडण्याच्या सूचनेसोबतच द्यावे, कारण शैक्षणिक वर्षात १८० अध्यापन दिवस भरावे लागतात.

ज्यांचा विचार कोणीच करत नाही ते तासिका तत्त्वावरील म्हणजे सीएचबी प्राध्यापक आणि कंत्राटी सफाई कामगार. परिसर बंद असला की नियमित कर्मचाऱ्याचा पगार चालू राहतो आणि यांचे मानधन बुडते. भरपाईचे तास प्रथम सीएचबी प्राध्यापकांना देणे आणि बंदच्या काळात बोलावलेल्या सफाई कामगारांची हाजरी ठेकेदाराकडे त्याच दिवशी लेखी पाठवणे, या दोन गोष्टी कोणत्याही परवानगीविना करता येतात.

आधीच माहीत असलेला बंद : सिंहस्थ २०२७

पूर अचानक येतो, पर्वणी येत नाही. जाहीर कार्यक्रमानुसार सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत, त्र्यंबकेश्वरला तिसरे स्नान १२ सप्टेंबरला आहे. २०१५ मध्ये पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, रस्ते इतके अडवले होते की स्थानिकांनाही शहरात फिरणे अवघड झाले होते. म्हणून स्नानाचा एक दिवस सोडून चालणार नाही, आधीचा आणि नंतरचा दिवसही वेळापत्रकातून वगळावा. पावसाळ्याचा काळ असल्याने पर्वणी आणि पूर एकाच आठवड्यात येऊ शकतात, आणि तेव्हा टँकर, डिझेल, मेसचा भाजीपाला यांपैकी काहीही वेळेवर पोहोचेल असे धरू नये.

बंदोबस्तासाठी आलेल्या पोलिसांच्या मुक्कामाकरिता शाळा-महाविद्यालयांच्या इमारती मागितल्या जातात. तसे पत्र येण्यापूर्वीच कोणत्या खोल्या देता येतील, स्वच्छतागृहे किती आहेत, प्रयोगशाळा आणि अभिलेख कक्ष कसे वेगळे राहतील, हे नकाशावर दाखवून ठेवावे. २०२७-२८ च्या शैक्षणिक दिनदर्शिकेचा मसुदा करताना अंतर्गत परीक्षा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत किंवा थेट सप्टेंबरच्या उत्तरार्धात ठेवाव्यात, आणि मधल्या काळात प्रात्यक्षिकांची कोणतीही अंतिम मुदत येऊ देऊ नये.